वाटीभर जुनी माती

यायमा ज्वालामुखीनं कधीकाळी ओकलेली राख
आता हाताला पिठासारखी लागते.
काळी, हलकी, फुंकली तर उडेल.
तिथले लोक तिला त्रुमाओ म्हणतात.
दिसायला अशी की काठी रोवली तरी पालवेल,
आणि गहू मात्र गुडघ्याशीच अडतो,
पानांच्या कडा जांभळ्या पडतात
थंडीत ओठ पडतात तशा.

स्फुरद नाही असं नाही.
(आपल्या भाषेनं किती नेमकं नाव ठेवलंय:
तो मिळाल्याशिवाय काही स्फुरतच नाही, कोंबसुद्धा.)
ढीगभर आहे, पण अॅल्युमिनियमच्या मुठीत आवळलेला.
पोतंभर खत टाका,
थोड्याच दिवसांत तेही मुठीत.
कणगी भरलेली, किल्ली हरवलेली,
आणि दारात उपाशी मूळ.

ओतिलिया पाइनेविल
तेमुकोच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशा मांडते.
बशीत दुधाळ खळ, पेजेसारखी गढूळ,
खळीत पाण्याला दाद न देणारा स्फुरद,
वर मावशीच्या बटाट्याच्या वाफ्यातल्या मातीचं
हजार पट पातळ केलेलं पाणी, एक थेंब.
चार दिवस काही नाही.
पाचव्या दिवशी, मंगळवारी,
एका ठिपक्याभोवती खळं पडलं
चंद्राला पडतं तसं,
एवढंसं, नितळ.
टेबलावरचा जुना ओरखडा त्यातून दिसला.

जेवणाचा डबा उघडाच राहिला.
एवढ्याशा जिवानं आंबट थुंकून
दगडाची मूठ सोडवली होती.

उपकार म्हणून नव्हे.
तळं राखी तो पाणी चाखी:
आधी स्वतः पोटभर खातो,
मग मरतो,
आणि त्याच्या फुटलेल्या देहातून
मुळाला मिळतं ते मिळतं.
बुरशीचं वेगळं. तिचं बलुतं ठरलेलं.
केसाहून बारीक धागे ती अंधारात लांबवर सोडते,
मुळाचा हात पोचत नाही तिथून
चिमूटचिमूट आणते
आणि पानांनी उन्हात शिजवलेल्या साखरेतला
आपला वाटा घेते.
हिशेब कुणी लिहीत नाही. तरी चुकत नाही.
म्हणजे, फारसा.

वसंतात ओतिलिया बाटली घेऊन गावी गेली.
बाटलीवर लिहिलेलं: सतरा-ब.
यांकिराय मावशी बियाण्याचे बटाटे निवडत होती.
'माझ्याच मातीतलं उचललंस
आणि तिलाच बाटलीनं पाजतेस?'
तरी कुंपणाकडच्या चार ओळी दिल्या.

फेब्रुवारीत काढणी झाली तेव्हा
त्या चार ओळींत आणि बाकीच्यांत
काडीचा फरक नव्हता.
काचेत वाढलेलं लाडकं बाळ
गावच्या गर्दीत टिकलं नाही.
कुणी खाल्लं, कुणी रेटलं,
बहुतेकांना ते आलं होतं हेही कळलं नसेल.

पण पलीकडे, पाइन तोडून मोकळ्या केलेल्या उतारावर,
जिथं पहिल्याच वर्षी काही येऊ नये,
तिथं कुदळीच्या प्रत्येक घावाला बटाटे उसळत होते.
'इथं काय घातलंस?'
'काही नाही. जुन्या वाफ्यातली माती, खड्ड्याखड्ड्यात वाटीभर.
नव्या घरी जाताना
जुन्या चुलीतला निखारा नको न्यायला?'

ओतिलियानं वहीत लिहिलं, 'वाटीभर'.
मग खोडलं, वाटी मागितली, काट्यावर ठेवली.
एकशे ऐंशी ग्रॅम.
'यात किती जण असतील गं?' मावशीनं विचारलं.
'अब्जावधी.'
'नावं?'
'एकाचंच ठाऊक आहे. सतरा-ब.'

मावशी हसली नाही.
तिनं काडेपेटीच्या तांबूस कडेवर काडी ओढली,
तिथंही तोच, थोडासा, भडकायला तयार,
आणि चूल पेटवून
न धुतलेले हात
बराच वेळ जाळासमोर धरले.